एकच जिना, दोन चित्रपट: ‘द म्युझिक बॉक्स’चं प्रकरण

लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात व्हेंडोम स्ट्रीट आणि डेस्कान्सो ड्राइव्ह यांना जोडणारा एक सिमेंटचा जिना आहे. टेकडीवर सरळ चढत जाणाऱ्या १३३ पायऱ्या. हॅल रोच स्टुडिओनं या जिन्यावर एकच कल्पना दोनदा चित्रित केली. पहिल्यांदा १९२७ साली मूकपट म्हणून, त्याचं नाव ‘हॅट्स ऑफ’. दुसऱ्यांदा १९३१ च्या डिसेंबरात बोलपट म्हणून. तो ‘द म्युझिक बॉक्स’, १९३२ च्या एप्रिलमध्ये पडद्यावर आला. दोन्हींत तेच दोघे, स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या. काम तेच: एक अवजड वस्तू जिन्यानं वर न्यायची.

बोलपट आल्यावर स्लॅपस्टिकचं, म्हणजे आपटाआपटीच्या विनोदाचं, काय झालं याची चर्चा बहुतेक वेळा हळहळीच्या सुरात होते, आणि त्याला कारणही आहे. मूकपटांतला मोठा विनोदवीर बस्टर कीटन यानं १९२८ साली एमजीएम या बड्या स्टुडिओशी करार केला, आणि १९३३ साली त्याला तिथून काढून टाकलं गेलं. मूकपटांतलाच दुसरा विनोदवीर हॅरी लँग्डन, त्याला तर खुद्द हॅल रोचनंच आपल्या स्टुडिओत बोलावलं होतं. १९२९-३० मध्ये त्यानं तिथे आठ छोटे बोलपट केले आणि ते चालले नाहीत. म्हणजे स्टुडिओ तोच, ध्वनियंत्रणा तीच, आसपासचे नटही बरेचसे तेच, तरी एकाचं बुडालं आणि दोघांचं तरलं. ‘द म्युझिक बॉक्स’ हे या तरण्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मला वाटतं, कारण इथे तुलनेसाठी मूकपटाची आवृत्तीही आहे. ध्वनी आल्यावर बोलण्याची भर किती घातली यावर हे दोघे तरले नाहीत. आवाज वस्तूला दिला आणि माणसांना वाट बघायला वेळ दिला, म्हणून तरले. हे या एका चित्रपटात पायरीपायरीनं दाखवता येतं.

आधीचा मूकपट

‘हॅट्स ऑफ’चा दिग्दर्शक हॅल येट्स, देखरेख लिओ मॅकेरीची. लॉरेल-हार्डी ही जोडी म्हणून नुकती आकार घेत होती आणि तिला आकार देण्यात मॅकेरीचा मोठा हात होता. कथा अशी की हे दोघे कपडे धुण्याचं यंत्र विकायला निघतात. जिन्याच्या टोकाला उभी असलेली एक बाई (अनिटा गार्विन) त्यांना हाक मारते. गिऱ्हाईक मिळालं म्हणून दोघे यंत्र घेऊन सगळ्या पायऱ्या चढतात, तेव्हा कळतं की बाईला फक्त एक पत्र पेटीत टाकायला द्यायचंय. शेवटी रस्त्यावर टोप्या उडवण्याची सार्वजनिक मारामारी होते आणि यंत्र चिरडलं जातं.

हा चित्रपट आज हरवलेला आहे. स्थिरचित्रं आहेत, कथेचे तपशील आहेत, प्रत नाही. त्यामुळे तुलना कथेच्या आणि रचनेच्या पातळीवरच करता येते. पण तेवढीही पुरेशी बोलकी आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. लॉरेल-हार्डीचा संथपणा ध्वनीमुळे आलेला नाही. मूकपटांतल्या आपटाआपटीचा आद्य निर्माता मॅक सेनेट, त्याच्या स्टुडिओत विनोद म्हणजे धावपळ, पाठलाग, कोसळणं, आणि तेही झपाट्यानं. मॅकेरी आणि लॉरेल यांनी मूकपटातच उलट रस्ता धरला होता: एकानं मारायचं, दुसऱ्यानं उभं राहून ते सोसायचं, विचार करायचा, आणि मग शांतपणे परतफेड करायची. तेव्हा ही एक आवड होती. १९२९ नंतर ती गरज बनली.

ध्वनी आल्यावर

रोचनं ध्वनीसाठी व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीशी करार केला आणि तिथूनच आलेला एल्मर रॅग्यूस स्टुडिओचा ध्वनिप्रमुख झाला. जोडीचा पहिला बोलपट ‘अनअॅकस्टम्ड अॅज वुई आर’, मे १९२९. लॉरेल इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा, रंगमंचावर वाढलेला. हार्डी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियाचा, तरुणपणी गाणारा. एकाच्या बोलण्यात लँकेशायरची झाक, दुसऱ्याच्या बोलण्यात दक्षिणी अदब. दोन्ही आवाज त्यांच्या चेहऱ्यांना शोभले. हा नशिबाचा भाग, आणि तो मान्य करायलाच हवा. आवाज चेहऱ्याला शोभला नसता तर पुढचं सगळं कसब वाया गेलं असतं.

मूकपटात कॅमेरा थोडा हळू फिरवायचा आणि पडद्यावर फिल्म वेगात दाखवायची, ही सोय होती. त्यानं पडणं हलकं आणि चपळ दिसायचं. बोलपटात फिल्मचा वेग सेकंदाला २४ चौकटींवर पक्का झाला, कारण वेग हलला की आवाजाचा सूर बिघडतो. म्हणजे पियानो जिन्यावरून घरंगळला तर तो खऱ्या वजनानं, खऱ्या वेळात घरंगळणार. वेगावर जगणाऱ्या विनोदवीरांना हे जड गेलं. ज्यांचा विनोद मुळातच वजनावर आणि थांबण्यावर उभा होता, त्यांना ते मानवलं.

दुसरी अडचण प्रेक्षकांच्या हसण्याची. मूकपटात लोक कितीही हसले तरी काही चुकत नाही. बोलपटात हसण्याखाली पुढचं वाक्य गाडलं जातं. रोचकडे चित्रपट आधी थिएटरात प्रेक्षकांना दाखवून त्यांच्या हसण्यानुसार पुन्हा कापण्याची पद्धत होती, आणि संकलनाच्या टेबलावर लॉरेल स्वतः बसायचा. हसू ओसरेपर्यंत पडद्यावर काय ठेवायचं, याचं त्यांचं उत्तर म्हणजे हार्डीचा चेहरा: थेट कॅमेऱ्यात बघणारा, थकलेला, प्रेक्षकाला साक्षीदार करणारा. ही नजर मूकपटातही होती, पण बोलपटात तिला पक्कं काम मिळालं.

संवादांचा लेखक एच. एम. वॉकर मूळचा क्रीडा पत्रकार, आणि मूकपटांच्या काळात रोचच्या चित्रपटांतल्या पाट्या तोच लिहायचा. ‘द म्युझिक बॉक्स’च्या सुरुवातीलाही अशी पाटी आहे. दोघांनी आपल्या आर्थिक व्यवहाराची पुनर्रचना करायचं ठरवलं, आणि ३ डॉलर ८० सेंट घेऊन धंद्यात उतरले, असा तिचा आशय. १९३२ सालच्या अमेरिकेत, मंदीच्या ऐन मध्यावर, ही रक्कम प्रेक्षकांना किती ओळखीची वाटली असेल याचा अंदाज करता येतो. हे दोघे हमालीचं काम कसं करतात ते आपण पुढे बघतोच, पण त्यांना ते काम हवं आहे हे त्या एका पाटीनं सांगून टाकलं आहे.

यंत्राच्या जागी पियानो

‘द म्युझिक बॉक्स’चा दिग्दर्शक जेम्स पॅरट, लांबी तीन रिळं, म्हणजे साधारण २९ मिनिटं. कथा दोन ओळींत मावते. एक बाई नवऱ्याच्या वाढदिवसासाठी गुपचूप एक पियानो विकत घेते. तो तिच्या घरी पोचवायचं काम दोघांना मिळतं, आणि घर टेकडीच्या माथ्यावर आहे.

मूकपटात कपड्यांचं यंत्र होतं, इथे पियानो आहे. सगळ्या बदलांत हा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. धुण्याचं यंत्र पडलं तर धडाम एवढाच आवाज. लाकडी खोक्यात बंद असलेला पियानो पडला की आतल्या सगळ्या तारा एकदम झणाणतात आणि तो आवाज हळूहळू विरतो. म्हणजे दर पडण्याला एक सुरुवात असते आणि एक शेपूट असते. त्या शेपटीभर दोघांना काही करावं लागत नाही, उभं राहून ऐकायचं. प्रेक्षकही ऐकतो. वस्तू दिसत नाही, खोका बंद आहे, तरी तिला किती लागलं हे कानांना कळतं. खोक्याला हात लावला, पायरीवर टेकवला, थोडा कलला, तरी आत काहीतरी कुरकुरतं. चित्रपटाच्या मध्यापर्यंत त्या खोक्याविषयी आपल्याला कळवळा वाटू लागतो.

सुरुवात घोडागाडीपाशी होते. पियानो हार्डीच्या पाठीवर उतरवायचा असतो. नेमक्या त्या क्षणी घोडा दोन पावलं पुढे सरकतो आणि खोका हार्डीसकट खाली. मग जिना. दोघे थोडे वर गेलेले असताना समोरून बाबागाडी घेऊन एक आया (लिलियन आयरीन) येते आणि वाट मागते. सौजन्य म्हणून तिला वाट करून देण्याच्या नादात पियानो हातचा सुटतो आणि खाली रस्त्यापर्यंत जातो. आया हसते. लॉरेल तिला मागून लाथ घालतो. ती वळून त्याला ठोसा देते. आता हार्डी हसतो, तर ती दुधाची बाटली त्याच्या डोक्यावर फोडते. मॅकेरीच्या काळापासूनची ही परतफेडीची रचना आहे, पण हसण्याच्या आवाजानं तिला नवी धार आली आहे. इथे प्रत्येक मार हा कुणाच्या तरी हसण्याला दिलेलं उत्तर आहे, आणि ते हसू ऐकू येत असल्यामुळेच उत्तर पटतं.

आया पोलिसाकडे (सॅम लफकिन) तक्रार करते, तिथे दोघांना आणखी प्रसाद मिळतो. पुन्हा चढण. मग वरून एक रुबाबदार गृहस्थ उतरतात: प्रोफेसर थिओडोर फॉन श्वार्झेनहोफेन, नावामागे पदव्यांची लांबलचक रांग, आणि ती रांग ते स्वतः मोठ्यानं म्हणून दाखवतात. वळसा घालून जा म्हटल्यावर ते भडकतात. लॉरेल त्यांची टोपी उडवतो. टोपी पायऱ्यांवरून उड्या मारत रस्त्यावर जाते आणि एका वाहनाखाली सापडते. ‘हॅट्स ऑफ’मधल्या टोप्यांच्या मारामारीतून उरलेली ही एकटी टोपी असावी असं मला वाटतं.

पोस्टमन

चित्रपटाचा गाभा इथे आहे. कितीतरी वेळा घरंगळलेला पियानो अखेर माथ्यावर, घराजवळ पोचलेला असतो. दोघे घामाघूम झालेले असतात. तेवढ्यात तिथे पोस्टमन येतो. खाली रस्त्यावर यानंच त्यांना घर दाखवलं होतं. तो सहज विचारतो की हा पियानो तुम्ही पायऱ्यांनी आणलात की काय, आणि सांगतो की त्याची गरज नव्हती, टेकडीला वळसा घालून गाडीरस्ता थेट इथपर्यंत येतो.

दोघे क्षणभर विचार करतात. मग पियानो उचलतात, सगळ्या पायऱ्या उतरून खाली नेतात, गाडीवर चढवतात आणि रस्त्यानं वर आणतात.

मूकपटात हे करायचं झालं असतं तर पोस्टमनचं बोलणं पाटीवर लिहावं लागलं असतं. म्हणजे चित्र थांबणार, अक्षरं येणार, प्रेक्षक वाचून हसणार आणि मग चेहरे बघणार. बातमी आधी, माणसं नंतर. इथे दोघे ऐकतात त्याच क्षणी आपणही ऐकतो, आणि आपली नजर त्यांच्या चेहऱ्यांवरच असते. बातमी त्या दोन डोक्यांत झिरपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आपल्याला दिलेला आहे. त्या वेळात आपण अंदाज बांधतो की आता हे चिडतील, रडतील, पोस्टमनला मारतील. ते यातलं काहीही करत नाहीत. ते ती सूचना मनापासून स्वीकारतात. त्यांच्या दृष्टीनं काम बरोबर पद्धतीनं झालं पाहिजे, आणि आधी चुकीच्या पद्धतीनं झालेलं असेल तर ते उलटवून पुन्हा केलं पाहिजे. त्यांच्या मूर्खपणात एक प्रामाणिकपणा आहे. मला हे दोघे जन्मभर प्रिय वाटत आले आहेत ते त्याच्यामुळे.

‘हॅट्स ऑफ’मध्ये माथ्यावर थांबलेली होती पत्र टाकायला देणारी बाई. ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये माथ्यावर येतो पत्रं वाटणारा माणूस. पण पहिल्यात फजिती दुसऱ्या कुणामुळे होते. दुसऱ्यात ती दोघे स्वतःच्या हातांनी, पायरी न पायरी उतरून, पूर्ण करतात.

बाकीची मंडळी

पोस्टमन झालेला चार्ली हॉल मूळचा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. लॉरेल-हार्डीच्या चित्रपटांत त्याच्याइतका वारंवार दुसरा सहकलाकार दिसत नाही. बहुतेक वेळा तो त्यांचा वैरी असतो: ठेंगणा, चिडका, लगेच हातघाईवर येणारा. ‘देम दार हिल्स’ आणि ‘टिट फॉर टॅट’ या जोडचित्रपटांत त्याचं ते रूप पुरेपूर दिसतं. इथे मात्र तो पूर्णपणे साधा आहे. आवाज चढवत नाही, डोळे फिरवत नाही. नेहमीच्या प्रेक्षकाला त्याच्याकडून मारामारीची अपेक्षा असणार, आणि तो मात्र नुसता पत्ता सांगून जातो. ही पात्रनिवड मला फार नेमकी वाटते.

प्रोफेसर म्हणजे बिली गिल्बर्ट. आईवडील ऑपेरातले गायक, आणि हा स्वतः पुढे शिंकण्याच्या अभिनयासाठी इतका प्रसिद्ध झाला की डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये शिंकऱ्या बुटक्याचा आवाज त्याचाच आहे. ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये त्याचा आवाज म्हणजे कढ येऊन उतू जाणारं भांडं: खाली घरघर, मग चढत चढत फुटणं. मूकपटात अशा माणसाला फक्त हातवारे आणि दाढीमिशा उरल्या असत्या. बोलपटानं ज्या नटांना जन्माला घातलं त्यातला हा एक.

लिलियन आयरीनचं हसू, लफकिनचा कोरडा दरारा, हॉलचा सपाट सूर, गिल्बर्टचा स्फोट. जिन्यावर येणारा प्रत्येकजण वेगळा ऐकू येतो. स्वतः दोघे नायक मात्र एकूण मोजकंच बोलतात, आणि बोलतात तेव्हा एकमेकांशी, कामापुरतं.

घरात

घर गाठल्यावरचा भाग मला थोडा लांबलेला वाटतो. घरी कुणी नाही म्हणून पियानो कप्पी आणि दोरानं वरच्या खिडकीतून आत घ्यायचा, अंगणातल्या हौदात पडायचं, टोप्यांची अदलाबदल करायची. हे सगळं नीट केलेलं आहे, पण जिन्यावर जी एकच एक जिद्द होती ती इथे तुकड्यांत विखुरते.

मग पियानो खोक्यातून बाहेर येतो आणि चित्रपट पुन्हा सावरतो. हा आपोआप वाजणारा पियानो आहे. वीज जोडली की तो स्वतःच वाजू लागतो. ऐकू येतं ते वादन मार्व्हिन हॅटलीचं, ज्यानं या जोडीची ती ओळखीची कुक्कू धूनही बांधली. देशभक्तिपर गाण्यांची माळ सुरू होते आणि पसारा आवरता आवरता दोघांचे पाय हलू लागतात. आधी नकळत, मग जाणूनबुजून, मग दोघे मिळून. खोलीत पाणी साचलेलं, पायाखाली फळ्या विखुरलेल्या. हार्डीसारखा अवाढव्य माणूस किती हलक्या पावलानं नाचतो हे इथे बघण्यासारखं आहे. एवढा वेळ ज्या वस्तूनं त्यांना चिरडलं, ती आता त्यांना नाचवते आहे, आणि पियानोची निवड का केली याचं दुसरं उत्तर इथे मिळतं.

प्रोफेसर घरी येतात. जिन्यावर टोपी गमावलेले तेच, आणि घर त्यांचं. त्यांना पियानोचा भयंकर तिटकारा. कुऱ्हाड घेऊन ते पियानो फोडायला लागतात, पियानो वाजतच असतो, आणि माळेत अमेरिकेचं राष्ट्रगीत येतं. तिघेही जागच्या जागी ताठ उभे राहून सलाम करतात. मग कुऱ्हाड पुन्हा चालते. ते गीत कायद्यानं राष्ट्रगीत झालं ३ मार्च १९३१ रोजी, म्हणजे चित्रीकरणाच्या जेमतेम नऊ महिने आधी. प्रेक्षकांसाठी त्या गीताचा हा दर्जा ताजा होता. आणि हा विनोद आवाजाशिवाय घडूच शकत नाही. सूर ओळखू आला तरच सलामाला अर्थ आहे.

बायको येऊन भेटीचं गुपित फोडते, प्रोफेसर विरघळतात, पावतीवर सही करायला पेन घेतात आणि शाई थेट त्यांच्या तोंडावर उडते.

नंतर काय झालं

अकादमी पुरस्कारांत, म्हणजे ऑस्करमध्ये, छोट्या चित्रपटांचे वर्ग पहिल्यांदा ठेवले गेले ते पाचव्या समारंभात, १८ नोव्हेंबर १९३२ रोजी. विनोदी छोट्या चित्रपटाचा पुरस्कार ‘द म्युझिक बॉक्स’ला मिळाला. या वर्गात मॅक सेनेटचाही चित्रपट होता. सेनेटला पुरस्कार मिळाला तो वेगळ्याच वर्गात, ‘नावीन्यपूर्ण’ छोट्या चित्रपटांच्या, तलवारमाशांवरच्या एका चित्रपटासाठी. ज्यानं अमेरिकेला पडद्यावरची आपटाआपटी शिकवली त्याला माशांसाठी गौरवलं गेलं, आणि विनोदाचा मान संथपणे पियानो चढवणाऱ्या दोघांच्या चित्रपटाकडे गेला. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘द म्युझिक बॉक्स’चा समावेश झाला. जिन्यापाशी आता चित्रपटाची आठवण सांगणारी पाटी आहे. चित्रपटात जिन्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारी मोकळी टेकडी मात्र घरांनी भरून गेली आहे.

हरवलेले मूकपट अधूनमधून सापडतात. याच जोडीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चं बेपत्ता रीळ २०१५ साली उजेडात आलं, तेव्हा ‘हॅट्स ऑफ’ची आशा सोडण्याचं कारण नाही. तो मिळाला तर शेवटची टोप्यांची मारामारी सगळेच बघतील. मला मात्र तो जिना बघायचा आहे: यंत्र खाली जाऊन थांबल्यावर, ऐकायला काहीच नसताना, कॅमेरा त्या दोन चेहऱ्यांवर किती वेळ टिकतो आणि पाटी कुठे येते.